सँडी कोफॅक्स तिसाव्या वर्षी थांबला, ते योग्यच केले

क्लेटन कर्शॉ २०२५ च्या हंगामाअखेर निवृत्त झाला आणि बेसबॉलमधल्या लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा सर्वश्रेष्ठ डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा) कोण, कर्शॉ की सँडी कोफॅक्स, हा जुना वाद पुन्हा रंगला. कर्शॉच्या पारड्यात अठरा हंगाम, तीन हजारांहून अधिक स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणे) आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारे तीन साय यंग पुरस्कार आहेत. साय यंग कोफॅक्सकडेही तीनच आहेत, परंतु त्याची बाजू मांडणारे थोड्याच वेळात हळहळू लागतात, की बिचाऱ्याची कारकीर्द अर्ध्यावर मोडली, नाहीतर त्याने काय केले असते कोणास ठाऊक. या वादाचा निकाल लावण्याची मला हौस नाही. माझा आक्षेप त्या हळहळीला आहे. १८ नोव्हेंबर १९६६ रोजी, वयाची एकतीस वर्षेही पुरी झालेली नसताना, कोफॅक्सने खेळ सोडत असल्याचे जाहीर केले. त्याच्या कारकिर्दीची दिशा ठरवणाऱ्या निर्णयांपैकी पूर्णपणे त्याच्या हातात असलेला निर्णय बहुधा हा एकच होता, आणि तो बरोबर होता असे माझे ठाम मत आहे. हळहळायचेच असेल तर त्याआधीच्या काही वर्षांबद्दल हळहळावे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. बेसबॉलचा पिचर धावत येत नाही; तो एका उंचवट्यावर उभा राहून साठ फूट सहा इंचांवरच्या बॅटरकडे चेंडू फेकतो. चेंडूचा टप्पा पडत नाही, त्यामुळे खेळपट्टीची मदत नाही; जे काही करायचे ते हवेतल्या हवेत, खांदा, कोपर आणि मनगटाच्या जोरावर. कोपरात वाकलेला हात झटक्याने सरळ करण्याची जी क्रिया केल्यास क्रिकेटमध्ये नो-बॉल मिळतो, तीच इथे एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा करायची असते. पिचरची गुणवत्ता मोजण्याचे रूढ माप म्हणजे ईआरए, अर्थात नऊ इनिंगमागे (एका पूर्ण सामन्यात प्रत्येक संघ नऊ वेळा, म्हणजे नऊ इनिंग, फलंदाजी करतो) त्याच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी. ती तीनच्या खाली असली तर उत्तम, आणि दोनच्या खाली असली तर पिढ्यानपिढ्या नाव घेतले जाते.

कोफॅक्सचा जन्म १९३५ सालचा, ब्रुकलिनचा. शाळेत त्याचे नाव होते ते बास्केटबॉलसाठी, आणि सिनसिनाटी विद्यापीठातही तो बास्केटबॉलच्याच आधाराने गेला. १९५४ च्या डिसेंबरात ब्रुकलिन डॉजर्सनी (हाच संघ पुढे लॉस एंजेलिसला गेला) त्याला १४,००० डॉलरचा बोनस आणि ६,००० डॉलर पगार देऊन करारबद्ध केले, आणि इथेच घोळ झाला. त्या काळी असा नियम होता की ४,००० डॉलरहून अधिक बोनस घेतलेल्या नवोदिताला पहिली दोन वर्षे मुख्य संघातच ठेवले पाहिजे. श्रीमंत संघांनी होतकरू मुले विकत घेऊन दुय्यम संघांत साठवून ठेवू नयेत हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात झाले असे, की ज्या वयात मुलाने छोट्या गावांत दर चार-पाच दिवसांनी भरपूर पिचिंग करून हात बसवायचा, त्या वयात कोफॅक्स विजेत्या संघाच्या बाकावर बसून राहिला. त्याला जागा करून देण्यासाठी १९५५ साली टॉमी लसोर्डा नावाच्या दुसऱ्या डावखुऱ्या पिचरला खाली धाडण्यात आले. हाच लसोर्डा पुढे डॉजर्सचा नावाजलेला मॅनेजर झाला आणि ही गोष्ट आयुष्यभर चवीने सांगत राहिला.

त्याच वर्षी २७ ऑगस्टला कोफॅक्सने सिनसिनाटीविरुद्ध संपूर्ण सामना एकट्याने टाकला, फक्त दोन हिट (बॅटरला बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यापर्यंत पोहोचवणारे फटके) आणि शून्य धावा दिल्या आणि चौदा बॅटरना स्ट्राइकआउट केले. वय एकोणीस. इतके करूनही संपूर्ण हंगामात त्याच्या वाट्याला आल्या ४१⅔ इनिंग. मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टनचे म्हणणे असे, की या मुलाला नियंत्रण नाही; आणि ते खोटेही नव्हते. परंतु नियंत्रण येईना म्हणून चेंडू मिळेना आणि चेंडू मिळेना म्हणून नियंत्रण येईना, हे त्रांगडे सोडवण्याची जबाबदारी संघाची होती की विशीतल्या पोराची? पहिल्या सहा हंगामांत त्याने ३६ सामने जिंकले, ४० हरले आणि ईआरए चारच्या वर राहिला. १९६० चा हंगाम संपला तेव्हा त्याने आपले ग्लोव्ह आणि सामान ड्रेसिंग रूममधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले होते. संघाचे सामान सांभाळणाऱ्या नोबे कवानोने ते उचलून ठेवले आणि पुढच्या वसंतात त्याला परत केले.

या सहा वर्षांचा तोटा कोणी मोजत नाही, याचे मला नवल वाटते. १९६७ नंतरची काल्पनिक वर्षे मात्र सगळे मोजतात.

बदल घडला तो १९६१ च्या मार्चमध्ये, फ्लोरिडातल्या एका बिनमहत्त्वाच्या सराव सामन्यात. कोफॅक्स नेहमीप्रमाणे जीव खाऊन फेकत होता आणि बॅटरना फुकट बेस देत होता. बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा कॅचर नॉर्म शेरी उंचवट्यापर्यंत चालत गेला आणि त्याने सांगितले, की जोर थोडा कमी कर, कर्व्हबॉल (हवेत वळणारा चेंडू) टाक, त्यांना मारू दे. कोफॅक्सने ऐकले, आणि जोर कमी केल्यावर वेग जवळजवळ तेवढाच राहिला, चेंडू मात्र हवे तिथे पडू लागला. सल्ला एवढाच होता. पगारी प्रशिक्षकांच्या ताफ्याला सहा वर्षांत जे जमले नाही ते एका राखीव कॅचरने पाच मिनिटांत केले, हे सांगताना मला थोडी खवचट मजा वाटते, ती वाचकांनी माफ करावी.

पुढचे सगळे आकडे प्रसिद्ध आहेत, म्हणून भराभर सांगतो. १९६१ मध्ये २६९ स्ट्राइकआउट, १९०३ पासूनचा नॅशनल लीगचा (अमेरिकेतल्या दोन प्रमुख लीगपैकी एक, डॉजर्स जिच्यात खेळतात) विक्रम मोडीत. १९६२ ते १९६६ सलग पाच वर्षे लीगमधला सर्वांत कमी ईआरए. चार वर्षांत चार नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न मिळालेले सामने, त्यांतला शेवटचा ९ सप्टेंबर १९६५ चा परफेक्ट गेम, म्हणजे सत्तावीस बॅटर आले आणि सत्तावीसही बेसवर न पोहोचता परतले. १९६३ साली २५ विजय आणि ५ पराभव. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम विजेतेपदाच्या मालिकेत, त्याने न्यूयॉर्क यांकीजच्या पंधरा जणांना एकाच सामन्यात स्ट्राइकआउट केले, तेव्हा यांकीजचा योगी बेरा म्हणाला होता, की हा पंचवीस सामने कसा जिंकला ते कळले, पाच हरला कसा ते कळत नाही.

दुखण्याकडे मात्र सावकाश पाहिले पाहिजे. ऑगस्ट १९६४ मध्ये कोफॅक्स बेसवर धावत असताना परतण्यासाठी त्याने सूर मारला आणि तो डाव्या कोपरावर आदळला. आठवड्याभराने त्याने सेंट लुईसविरुद्ध तेरा स्ट्राइकआउट घेत सामना जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला हात सरळ करता येईना. निदान झाले: आघातजन्य संधिवात. १९६५ च्या वसंतात एका सराव सामन्यानंतर तो उठला तेव्हा आतल्या रक्तस्रावाने सारा हात काळानिळा पडला होता. संघाचे डॉक्टर रॉबर्ट कर्लन यांनी त्याला स्पष्ट बजावले, की असेच चालू राहिले तर एक दिवस हाताचा पुरता उपयोग राहणार नाही.

त्यानंतरचे दोन हंगाम कसे पार पडले ते पाहा. सामन्याआधी हाताला आणि पाठीला मिरचीच्या अर्काचे, कातडी भाजून काढणारे मलम चोळायचे. वेदनाशामक म्हणून कोडीन घ्यायचे. सूज उतरावी म्हणून ब्यूटाझोलिडिन नावाचे औषध घ्यायचे, जे शर्यतीच्या घोड्यांनाही देत असत आणि पुढे अमेरिकेत माणसांसाठी बंद झाले. सांध्यात कॉर्टिसोनची इंजेक्शने. सामना संपला की कोपर बर्फाच्या पाण्यात बुडवून बसायचे, आणि थंडीने कातडी जळू नये म्हणून हातावर टायरच्या ट्यूबपासून केलेली रबरी बाही चढवायची. हात कायमचा आखडल्यामुळे कोटाची डावी बाही शिंप्याकडून आखूड करून घ्यावी लागत होती.

अशा हाताने त्याने १९६५ मध्ये ३३५⅔ आणि १९६६ मध्ये ३२३ इनिंग टाकल्या, आणि दोन्ही वर्षी सत्तावीस-सत्तावीस सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने पूर्ण केले. कर्शॉने अठरा हंगामांत मिळून असे पंचवीस सामने पूर्ण केले आहेत. हा कर्शॉचा कमीपणा नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये मिनियापोलिसला सात इनिंग परफेक्ट टाकलेल्या कर्शॉला ऐंशी चेंडूंनंतर थांबवण्यात आले आणि त्यानेही ते मान्य केले, कारण मधल्या पन्नास-साठ वर्षांत हात जपायचा असतो हे खेळाला उमगले होते.

१९६५ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना यॉम किप्पूरच्या दिवशी आला. आपल्याकडच्या रायगडातील बेने इस्रायलांप्रमाणेच जगभरचे ज्यू ज्या दिवशी उपास करतात तो हा दिवस. कोफॅक्स खेळला नाही, आणि अमेरिकी ज्यू समाजात त्या नकाराची आठवण आजही त्याच्या विक्रमांइतकीच जपली जाते. त्याच सिरीजचा सातवा सामना त्याने केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर मिनेसोटात टाकला. कर्व्हबॉल त्या दिवशी पडतच नव्हता, म्हणून जवळजवळ एकट्या फास्टबॉलवर तीन हिट, दहा स्ट्राइकआउट आणि २-० असा विजय. त्याचे यश म्हणजे डॉजर स्टेडियमच्या पिचरधार्जिण्या मैदानाची कृपा, असे मानणाऱ्यांचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नाही, कारण घरच्या त्या मैदानावर त्याचा ईआरए खरोखरच अविश्वसनीय होता. परंतु त्यांनी हा परगावचा सामना हिशेबात धरावा.

इतके करून मोबदला किती? रिझर्व्ह क्लॉजमुळे करार संपला तरी खेळाडूवर संघाचाच हक्क राही, त्यामुळे दुसरीकडे जाण्याची धमकीसुद्धा देता येत नसे. १९६६ च्या वसंतात कोफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल या दोन प्रमुख पिचरनी एकत्र येऊन दोघांत मिळून तीन वर्षांसाठी दहा लाख डॉलर मागितले आणि सराव शिबिराला जायचे नाकारले. महिनाभराने तडजोड झाली: कोफॅक्सला त्या वर्षाचे १,२५,००० आणि ड्रायस्डेलला १,१०,०००. खेळाडूंना संघ निवडण्याची मोकळीक मिळायला १९७५ चा लवादाचा निकाल यावा लागला. तोपर्यंत खेळाडूच्या हातात एकच गोष्ट खरोखर होती, ती म्हणजे खेळणे बंद करणे.

त्याने ती केली, तीही २७ विजय आणि १.७३ ईआरए अशा आयुष्यातल्या सर्वोत्तम हंगामानंतर. खेळानंतर जगायची पुष्कळ वर्षे बाकी आहेत आणि ती धड शरीराने जगायची आहेत, अशा अर्थाचे कारण त्याने पत्रकारांना दिले. १९७२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात, निवडला गेलेला सर्वांत तरुण खेळाडू ठरला.

राहता राहिला एक युक्तिवाद, की आजचे वैद्यक असते तर तो खेळत राहिला असता. कर्लन यांचे सहकारी डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्याच टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या कोपरावर ती सुप्रसिद्ध शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, आणि टॉमी जॉनने त्यानंतर १६४ सामने जिंकले, हे खरे आहे. पण ती शस्त्रक्रिया तुटलेल्या स्नायुबंधासाठी होती, आणि कोफॅक्सचे निदान संधिवाताचे होते. शिवाय ती झाली सप्टेंबर १९७४ मध्ये. तेव्हा कोफॅक्स अडतीस वर्षांचा होता, आणि खेळ सोडून त्याला आठवे वर्ष चालू होते.