जहाजावर मुलांना डोळे मिटायला सांगू नका

इंग्लंडच्या ईशान्य भागात राहणाऱ्या माझ्या भाचीने विचारले की, तिथल्या एका ऐतिहासिक जहाजावर कुटुंबांसाठी माइंडफुलनेस (मन चालू क्षणावर स्थिर ठेवण्याचा सराव) आणि कथाकथनाचा कार्यक्रम आहे, तर मुलांना न्यावे का. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच थट्टा सुरू झाली. 'पैसे मोजून गप्प बसायचे, तेही बोटीवर' हा त्यातला सर्वांत सौम्य शेरा होता. मी तिला 'अवश्य ने' असे कळवले. मात्र अशा कार्यक्रमांबद्दल माझा एक आग्रह आहे आणि तो ग्रुपवर मावणारा नसल्याने इथे लिहितो.

माइंडफुलनेसच्या बहुतेक सत्रांची सुरुवात 'डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या' या सूचनेने होते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात माइंडफुलनेसचा जो अभ्यासक्रम सुरू केला, तो प्रामुख्याने जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी होता, आणि त्यांना श्वासाकडे वळवणे योग्यच होते. परंतु आयुष्यात पहिल्यांदा डोलकाठ्यांखाली उभ्या राहिलेल्या आठ वर्षांच्या मुलाला तीच सूचना देणे म्हणजे त्याला जहाजावर आणून जहाज दाखवायचे नाही, असे ठरवण्यासारखे आहे. डेकचा उपयोग केवळ रम्य सभागृह म्हणून करायचा असेल, तर मंगल कार्यालय काय वाईट? तिथे पार्किंग तरी मिळते.

भाची ज्या जहाजावर जाणार आहे ते दुसरे. उदाहरणादाखल माझ्या माहितीतले जहाज घेतो, ते म्हणजे इंग्लंडच्या ईशान्येलाच हार्टलपूलच्या गोदीत आजही तरंगत असलेले ट्रिंकोमाली. हे फ्रिगेट, म्हणजे शिडाची वेगवान युद्धनौका, मुंबईत बांधले गेले. नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओकचे लाकूड दुर्मीळ झाले होते, म्हणून मलबारच्या सागवानाकडे ब्रिटिश आरमाराचे लक्ष गेले. बांधणीचे नकाशे घेऊन निघालेले जावा नावाचे जहाज १८१२ साली अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेशी झालेल्या लढाईत गमावले गेले आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. अखेर जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले, तळाच्या मुख्य तुळईत रूप्याचा खिळा ठोकण्याचा विधी त्याआधी झालेला होता. कथाकथनासाठी आणखी काय हवे? तरीही अशा ठिकाणी जलपऱ्या आणि बोलणारे देवमासे यांच्याच गोष्टी सांगितल्या गेल्या, तर मला ते आळसाचे लक्षण वाटेल. इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलाने पायाखालच्या फळीला हात लावावा आणि हे लाकूड आपल्या बाजूचे आहे हे त्याला कळावे, यापेक्षा अधिक एकाग्रतेचा क्षण मला सुचत नाही.

शांततेसाठी या सत्रांमध्ये एक वाटी किंवा घंटा वाजवली जाते. जहाजाला स्वतःची घंटा असते. वाळूचे घड्याळ दर अर्ध्या तासाने उलटायचे, पहिल्या अर्ध्या तासाला एक ठोका, पुढच्याला दोन, आणि चार तासांचा पहारा संपला की आठ, अशी ती पद्धत होती. तिचा अर्थ सांगून ती वाजवली, तर ठोका विरेपर्यंत ऐकायला मुलांना वेगळे कारण द्यावे लागणार नाही, आणि तो ठोका ऐकून कोण झोपायला टांगत्या झोळीत शिरत असे व कोण थंडीत वर चढत असे, इथूनच गोष्ट सुरू करता येईल.

ती गोष्ट गोड नसेल, हे मान्य आहे. ब्रिटिश आरमारात एका खलाशाच्या झोळीला नियमाने १४ इंच रुंदीची जागा मिळे आणि बारा-तेरा वर्षांची मुलेही जहाजावर नोकरीला असत. काही पालकांना हे मुलांसमोर नको वाटेल. माझे मत उलट आहे. युद्धनौकेवर बसवून 'इथे किती शांत वाटते ना' असे विचारणे ही फसवणूक आहे, कारण ती जागा शांततेसाठी बांधलेलीच नव्हती, आणि आपल्याच वयाचा मुलगा इथे कसा झोपत असेल, हे मुले मोठ्यांपेक्षा अधिक गंभीरपणे समजून घेतात. तोफा आणि फटक्यांचे तपशील टाळून हे सांगता येते. ते कौशल्य सांगणाऱ्याकडे हवे.

बडोद्याला समुद्र नाही, पण कथनाची उणीव कधीच नव्हती. सतराव्या शतकातला गुजराती कवी प्रेमानंद याच शहराचा. अंगठ्या घातलेल्या बोटांनी तांब्याच्या माणीवर, म्हणजे घागरीवर, ठेका धरून आख्याने सांगणाऱ्या माणभट्टांच्या परंपरेत त्याचे नाव आजही घेतले जाते. त्या श्रोत्यांना कोणी 'मन एकाग्र करा' असे बजावत नसे, कारण ते काम ठेका करत असे.

म्हणून इथल्या उत्साही मंडळींना माझी सूचना अशी की, असा कार्यक्रम करायचाच असेल तर रिसॉर्टच्या हिरवळीऐवजी कमाटीबागेतल्या संग्रहालयात, निळ्या देवमाशाच्या सांगाड्याजवळ करण्यासाठी परवानगी मागावी. प्रत्येक मुलाने आधी दहा मिनिटे न बोलता, उघड्या डोळ्यांनी एकच हाड पाहावे, मग त्या प्राण्याची खरी हकीकत मराठीत आणि गुजरातीत सांगितली जावी, मुले पंचविसांपेक्षा जास्त नसावीत आणि माइक नसावा. पालकांचे फोन मात्र दारातच जमा करून घ्यावेत, कारण गप्प बसणे मुलांपेक्षा त्यांनाच अवघड जाते.