ते जुनं गाईडबुक फेकू नका

वेबसाईट बनवण्याचं सॉफ्टवेअर शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं की मी पुस्तक सुचवतो. यावर उत्तर ठरलेलं असतं : "पुस्तक? ते तर छापून येईपर्यंत जुनं होतं!" खरं आहे. बटणं जागा बदलतात, मेनूंची नावं बदलतात, स्क्रीनशॉट जुळेनासे होतात. तरीही मी पुस्तकच सुचवतो. आज त्याची कारणं जरा सविस्तर लिहितोय, कारण हौसेने शिकायला बसलेली हुशार माणसं मध्येच सोडून देताना दिसतात आणि मनापासून वाईट वाटतं. त्यांची बुद्धी कमी पडत नाही. कशानंतर काय शिकायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

व्हिडिओ आपण अडल्यावर शोधतो. फोटो मध्यभागी कसा आणायचा, असं शोधलं की तेवढंच उत्तर मिळतं. पण जो प्रश्न आपल्याला पडलेलाच नाही, तो शोधणार कसा? पुस्तक लिहिणाऱ्याला मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत विचार करावा लागतो की वाचकाला ही गोष्ट कळण्याआधी कुठली गोष्ट कळलेली हवी. हा विचार त्याने आपल्यासाठी करून ठेवलेला असतो.

ड्रीमवीव्हर या वेबसाईट बनवण्याच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. मॅक्रोमीडियाने ते १९९७ साली आणलं, २००५ मध्ये ती कंपनीच अडोबीने घेतली. त्यावरची जाडजूड गाईडबुकं ज्यांनी हाताळलीत त्यांना आठवेल, पान सजवायला घेण्याआधी ती 'साईट' ठरवून घ्यायला लावतात. एक फोल्डर करा, त्यात चित्रांसाठी वेगळं फोल्डर करा, मग सॉफ्टवेअरला सांगा की हे माझ्या साईटचं मूळ फोल्डर. बहुतेक जण ही पानं उलटून पुढे जातात, कारण एवढं करूनही पडद्यावर नवं काहीच दिसत नाही. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं प्रकरण हेच.

का ते सांगतो. समजा, डेस्कटॉपवरचा फोटो उचलून तुम्ही थेट पानात टाकला. आपल्या संगणकावर तो छान दिसतो. पण पानाच्या फाइलमध्ये फोटो नसतोच, फोटो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता तेवढा असतो. तो पत्ता तुमच्या सी ड्राइव्हमधला असेल, तर पान सर्व्हरवर, म्हणजे वेबसाईट जिथून सगळ्यांना दिसते त्या संगणकावर, चढवल्यावर पाहणाऱ्याला तिथे फक्त रिकामी चौकट दिसते. पत्ता बरोबर असूनही फोटो न दिसण्याचं आणखी एक कारण असतं. फाइलच्या नावातलं अक्षर कॅपिटल आहे की स्मॉल, याने विंडोजला सहसा फरक पडत नाही. पण वेब सर्व्हर बहुधा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात आणि तिथे त्या दोन वेगवेगळ्या फाइली ठरतात. हे ज्याला माहीत नाही तो तासन्‌तास फोटोशी झटापट करतो, फोटो पुन्हा पुन्हा अपलोड करतो, शेवटी सॉफ्टवेअरला दोष देतो. ज्याने ते कंटाळवाणं प्रकरण नीट वाचलंय, तो आधी फाइलचं नाव आणि पत्ता तपासतो. सॉफ्टवेअर कुठलंही असो, हे ज्ञान जुनं होत नाही.

आता पुस्तक जुनं होण्याबद्दल. वर्डप्रेस या वेबसाईट चालवण्याच्या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती २७ मे २००३ ला आली. पुढची पंधराएक वर्षं त्यात लिहिण्याची जागा म्हणजे एक मोठी चौकट आणि वर बटणांची पट्टी. मग ६ डिसेंबर २०१८ ला ५.० आवृत्ती आली आणि चौकटीच्या जागी ब्लॉक आले. परिच्छेद एक ब्लॉक, चित्र दुसरा ब्लॉक. त्याआधी छापलेल्या प्रत्येक पुस्तकातलं लेखनाचं प्रकरण एका दिवसात जुनं झालं. पण त्याच पुस्तकात तारखेनुसार येणारी पोस्ट आणि कायमचं पेज यांत फरक काय, लेखांच्या वर्गवारीसाठी कॅटेगरी आणि टॅग कधी वापरायचे, साईटचं रूप ठरवणारी थीम काय करते आणि नव्या सोयी जोडणारं प्लगइन काय करतं, हेही लिहिलेलं असतं, आणि ते आजही तसंच लागू आहे. नवशिक्याचा गोंधळ इथेच होतो. 'आमच्याविषयी' ही माहिती पोस्ट म्हणून टाकली की ती नव्या पोस्टांखाली दबत जाते. ही गोष्ट ब्लॉक एडिटर येण्याआधीही खरी होती, आताही आहे. थीमच्या मूळ फाइलीत केलेले बदल पुढच्या अपडेटला पुसले जातात, म्हणून मूळ थीमवर आधारलेली वेगळी चाइल्ड थीम करा, हा सल्लाही तसाच. थीमच्या फाइलीत हात घालणार असाल तर तो आजही पाळा.

म्हणून जुन्या पुस्तकाबद्दल माझं म्हणणं असं : ते निवडून वाचा. हलत्या चित्रांच्या फ्लॅश तंत्राचं प्रकरण सोडा, अडोबीने त्याचा पाठिंबा २०२० च्या अखेरीस बंद केला. पानाची रचना टेबल वापरून करायला सांगितलं असेल तर तेही सोडा, ते काम आता पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतल्या फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिडने होतं. पुस्तक २०१० च्या आधीचं असेल तर छोट्या पडद्याचा विचार त्यात फारसा नसणार. पडद्याच्या रुंदीनुसार रचना बदलण्याची रिस्पॉन्सिव्ह पद्धत ईथन मार्कॉट यांनी त्या वर्षी मांडली. तेवढा भाग नव्या ठिकाणाहून शिका. पण हेडिंग, परिच्छेद, लिंक दाखवणाऱ्या खुणा, म्हणजे एचटीएमएल या पानं लिहिण्याच्या भाषेतले टॅग, १९९१ मध्येही होते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या, सर्न या संशोधन संस्थेतल्या पहिल्या वेबसाईटचं पान आजच्या ब्राउझरमध्ये उघडतं आणि वाचता येतं. मला ही गोष्ट फार दिलासा देणारी वाटते.

सॉफ्टवेअर मात्र एवढं टिकत नाही. फ्रंटपेज मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये घेतलं आणि २००६ मध्ये थांबवलं. त्यातला भेटी मोजणारा हिट काउंटर, त्यातले फॉर्म चालायला सर्व्हरवर फ्रंटपेजची खास एक्स्टेन्शन्स, म्हणजे जोड-प्रोग्राम, लागत, ती गेली तसे ते फॉर्मही बंद पडले. अडोबी म्यूझमध्ये कोडला हात न लावता सुंदर पानं करता यायची. २०१८ मध्ये त्याचाही विकास थांबल्याचं जाहीर झालं. ज्यांनी फक्त बटणं पाठ केली होती त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. बटण दाबल्यावर खाली कुठलं एचटीएमएल तयार होतं हे ज्यांनी पाहिलं होतं, त्यांचं बरंचसं ज्ञान पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये कामाला आलं.

पुस्तक निवडताना मी हेच बघतो. सगळी गाईडबुकं चांगली नसतात, हे स्पष्टच सांगतो. काहींमध्ये नुसती सूचनांची यादी असते : इथे क्लिक करा, हे निवडा, ओके दाबा. चाळीस पायऱ्या पूर्ण होतात, पान तयार होतं, आणि आपण काय केलं हे कळत नाही. असं पुस्तक नवं कोरं असलं तरी घेऊ नका. एक परीक्षा घ्या. हेडिंगवरचं पान उघडा. अक्षरं मोठी करायला हेडिंग वन वापरा, असं लिहिलं असेल तर पुस्तक खाली ठेवा. हेडिंगच्या पातळ्यांवरून मजकुराची रचना कळते आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणारी माणसं हेडिंगवरून हेडिंगवर जात पान वाचतात, हे सांगणारा लेखक भरवशाचा. चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, द्यायला तो शिकवतो का, तेही पाहा. दृष्टिहीन वाचकाला त्या चित्रात काय आहे हे तेवढ्यानेच कळतं. वेबसाईट सगळ्यांसाठी असते याची जाण लेखकाला आहे की नाही, ते या दोन पानांवर दिसतं.

वाचायचं कसं? संगणक समोर उघडा ठेवून. पुस्तकाबरोबर सरावाच्या फाइली मिळतात, त्या एकदा जरूर करा, पण त्यावर थांबू नका. त्या फाइलींत सगळे फोटो एका मापाचे असतात, मजकूर बेताचा असतो, मेनूत नेमकी पाच नावं असतात. तेच प्रकरण लगेच स्वतःच्या मजकुरावर पुन्हा करा. तुमचा फोटो उभा असेल, शीर्षक दोन ओळींत जाईल, मेनू मावणार नाही. खरं शिकणं तिथे सुरू होतं, आणि पुस्तकातल्या ज्या ओळी पहिल्यांदा निरर्थक वाटल्या होत्या त्यांचा अर्थ लागतो.

आता तर नुसतं सांगितलं की एआय पान तयार करून देतं, मग हे सगळं कशाला, असंही विचारतात. वापरा ना, मीही वापरतो. पण साईट उघडत नाही तेव्हा घोळ डोमेनचा आहे, होस्टिंगचा आहे की फाइलीचा, हे वेगळं करता यायला हवं. ते आलं नाही तर एआयला विचारायचं तरी काय? डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे जागा, डीएनएस त्या नावावरून जागेपर्यंत पोचवतं, हे चांगल्या गाईडबुकात एका आकृतीत समजतं.

आणि एक विनंती. बॅकअपचं प्रकरण बहुतेक पुस्तकांत शेवटी असतं आणि तिथवर फार थोडे पोचतात. साईट लाइव्ह करण्याआधी ते वाचा. वर्डप्रेसमध्ये लेख डेटाबेसमध्ये असतात आणि फोटो, थीम, प्लगइन हे डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये. एकाचीच प्रत ठेवली तर साईट अर्धीच परत येते. दोन्हींची प्रत घ्या, सर्व्हरपासून वेगळ्या जागी ठेवा, आणि ती प्रत वापरून साईट खरंच उभी राहते का, हे एकदा स्वतःच्या संगणकावर करून बघा.