केस मुलीचे, बोलणी आईला

"पोरीचं डोकं बघितलं की घरातली आई कळते." बापू एवढं बोलले आणि संध्याकाळभर कट्ट्यावर दुसरा विषय निघाला नाही.

वहिनींनी कौतुकाने फोनवर फोटो दाखवला होता. त्यांची भाची अटलांटाला असते, नवरा तिथलाच, कृष्णवर्णीय अमेरिकन. मुलगी चार वर्षांची आणि केस थेट बापाचे: दाट, स्प्रिंगसारखी बारीक घट्ट वेटोळी, डोक्याभोवती मोकळी सोडलेली. पोरीच्या हातात रंगाचा ब्रश, गालावर निळा रंग. बापूंच्या नजरेला तेवढे केसच पडले.

"बापू, ते विस्कटलेले नाहीत," वहिनी तापल्या. "ते तसेच उगवतात."

मास्तर बापूंच्या बाजूने उतरले. "उगवतात तसे उगवू देत, पण निगा राखायला नको? चार वर्षांचं मूल आपलं आपण विंचरणार आहे का? मग जबाबदारी आईची नाही तर कोणाची?"

जबाबदारी आहे, हे वहिनींनाही मान्यच होतं. नेमकी कशाची, यावरून पुढची सगळी वादावादी. माझं मत आधीच सांगतो. मुलाचं डोकं स्वच्छ राहावं, गुंता होऊ नये, विंचरताना दुखू नये आणि आपल्या केसांत काही खोट आहे असं त्याला वाटू नये, एवढी जबाबदारी आईची आणि तितकीच बापाची. बघणाऱ्याच्या डोळ्यांना बरं वाटावं, ही जबाबदारी कोणाचीच नाही.

डॉक्टर त्वचारोगाचे. ते सहसा ऐकून घेतात, पण "विंचरायला नको?" हे त्यांना सोडवेना. म्हणाले, "मास्तर, असे केस कोरडे असताना रोज विंचरले तर तुटतात. टाळूतून तेल सुटतं ते सरळ केसावरून खाली उतरतं, इथे प्रत्येक वळणावर अडतं. म्हणून टोकं कोरडी राहतात, आणि केस वळणावरच कमकुवत. रोज शाम्पू केला तर आहे ते तेलही जातं. आठवड्याने, पंधरा दिवसांनी धुतले तरी पुरतं. आणि ते दिसतात त्यापेक्षा बरेच लांब असतात. ओढून बघितल्याशिवाय कळत नाही."

भाचीलाही हे कुठे माहीत होतं? तिचे स्वतःचे केस सरळ. पहिली दोन-अडीच वर्षं ती स्वतःसारखंच करत राहिली, बारीक दातांचा कंगवा घेऊन मुळापासून खाली. पोर कंगवा बघितला की टेबलाखाली शिरायची. शेवटी सासूबाईंनी एका रविवारी नातीला दोन गुडघ्यांमध्ये बसवलं आणि सुनेला शेजारी. आधी पाण्याचा फवारा, मग हातभर कंडिशनर. डोक्याचे चार भाग, तीन चिमट्यांत अडकवलेले, एकच मोकळा. गुंता आधी बोटांनी सोडवायचा, मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकाकडून सुरू करून हळूहळू वर. मुळाशी दुसऱ्या हाताने केस धरून ठेवायचे, म्हणजे ओढ टाळूपर्यंत पोचत नाही. मग सैल वेण्या, रात्री सॅटिनची टोपी. अर्धा दिवस जातो, पण वेण्या आठवडाभर टिकतात. तिकडच्या घरांत या दिवसाला नावच आहे, 'वॉश डे'.

"मग फोटोत वेण्या कुठे आहेत?" बापूंनी मुद्दा सोडला नाही.

"त्या दिवशी सोडल्या होत्या. तिला मोकळे आवडतात. आणि डोक्याला विश्रांतीही हवी."

डॉक्टरांनी मान हलवली. फार आवळून बांधलेल्या वेण्यांनी कानशिलांजवळचे, कपाळाच्या कडेचे केस जातात. ट्रॅक्शन ॲलोपेशिया. आधी बारीक पुटकुळ्या येतात, मूल डोकं दुखतं म्हणतं. तेव्हाच सैल केलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ताण राहिला तर मुळं कायमची मरतात. म्हणजे जी पोर लोकांना 'नीटनेटकी' दिसते, तिच्याच डोक्याला इजा होत असू शकते. हे ऐकून मास्तर जरा गप्प झाले.

पण मास्तरांनी जन्मभर इतिहास शिकवला. त्यांनीच नंतर जे काढलं, त्याने चर्चेची दिशा बदलली. आज अमेरिकेत असलेला लुईझियाना तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. १७८६ साली तिथल्या गव्हर्नरने कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस फडक्याखाली झाकावेत असा हुकूम काढला होता. "म्हणजे हे केस सरकारदरबारी खुपायला लागून सव्वादोनशेच्या वर वर्षं झाली," मास्तर म्हणाले. "अशा ठिकाणी आई पोरीची वेणी घट्ट घालते, ती हौस म्हणून नव्हे. बाहेर कोणी बोट दाखवू नये म्हणून."

हे मला मनापासून पटलं. आवळून बांधणाऱ्या आईला निष्काळजी म्हणणं सोपं आहे. तिने स्वतः बोलणी खाल्लेली असतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सोळा वर्षांच्या गॅबी डग्लसने सर्वांगीण जिम्नॅस्टिक्सचं वैयक्तिक सुवर्ण मिळवलं, असं करणारी पहिली कृष्णवर्णीय मुलगी, आणि लोक चर्चा करत होते तिच्या केसांची. त्यात कृष्णवर्णीय बायकाही होत्या.

पम्याला त्याहून ताजं आठवत होतं. २०१४ मध्ये अमेरिकन गायिका बियॉन्सेच्या दोन वर्षांच्या मुलीचे केस विंचरा, अशी ऑनलाइन याचिका निघाली आणि हजारो लोकांनी सह्या केल्या. "दोन वर्षांचं पोर!" पम्या म्हणाला. "बाप जे-झी, नावाजलेला रॅपर. त्याच्या घरात कंगवा नव्हता का? पण बोलणी बहुतेक आईनेच खाल्ली."

इथे बापू हटून बसले. "ठीक आहे, लोक वाईट. पण पोरीला त्याच लोकांत राहायचंय ना? एवढा खटाटोप करण्यापेक्षा एकदाच सरळ करून टाका."

डॉक्टरांचा आवाज चढलेला मी फार कमी वेळा ऐकला आहे. केस कायमचे सरळ करणाऱ्या रिलॅक्सरमध्ये बऱ्याचदा सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे कॉस्टिक सोडा. लहान मुलांसाठी म्हणून जे सौम्य विकतात, त्यातलं रसायन वेगळं असलं तरी तेही तीव्र अल्कलीच. टाळू भाजते, केस तुटतात, आणि मुळाशी नवे केस वेटोळेच येतात, म्हणून ते पुन्हा पुन्हा लावावं लागतं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तेहतीस हजारांवर बायकांचा सुमारे ११ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा अंदाज १.६४ टक्के, वरचेवर वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. "यावरून कारण सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण चार वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हे लावायचा सल्ला मी कोणत्याही आईला देणार नाही."

लोकांना बदलायचं काम कायद्याचं, असं मास्तरांचं म्हणणं. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये 'क्राउन ॲक्ट' केला. केसांचा पोत, वेण्या, लॉक्स (म्हणजे केसांचे वळून घट्ट केलेले दोर) यांवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करता येणार नाही. पुढे वीसहून जास्त राज्यांनी तसेच कायदे केले. देशपातळीवरचं विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये अडकलं. टेक्सासमध्ये तर कायदा असूनही लॉक्स ठेवणारा एक विद्यार्थी महिनोन्‌महिने वर्गाबाहेर राहिला, आणि २०२४ मध्ये न्यायाधीशाने शाळेचा केसांच्या लांबीचा नियम कायद्यात बसतो असं ठरवलं. तेव्हा कायद्याच्या भरवशावर आई निर्धास्त राहू शकत नाही, आणि पोरीला त्याच लोकांत राहायचंय हे बापूंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मला ते खटकतं, पण खोडता येत नाही.

वहिनी म्हणाल्या, भाचीचा नवरा आता वेण्या घालायला शिकलाय. भांग वाकडा पडतो, पण बुधवारची दुरुस्ती त्याच्याकडे. पोर त्याच्या मांडीवर बसून आपल्याच केसांचं वेटोळं ओढते, सोडते, परत ओढते. "बाबासारखे," म्हणते.

"आणि उद्या आठ वर्षांची झाल्यावर तीच म्हणाली, मला मैत्रिणीसारखे सरळ हवेत, तर?" बापूंनी विचारलं. या वेळी खरोखर विचारत होते.

डॉक्टर म्हणाले, रसायन मोठी होईपर्यंत नाही. पम्या म्हणाला, केस तिचे, तिला ठरवू दे. मास्तरांना आठव्या वर्षी मुलाने असं काही ठरवणं मान्य नाही.

वहिनींनी जरा वेळ घेतला. "भाचीने आधी तिला विचारावं, तुझ्या केसांना कोण काय म्हणालं," त्या म्हणाल्या. "आणि जे म्हणालं असेल, त्यांच्याकडे जाऊन बोलावं. केसांचं त्यानंतर बघू."