मॅलेट फिंगरचा स्प्लिंट रोज काढायचा नसतो

ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘मॅलेट फिंगरचा स्प्लिंट (बोट सरळ धरून ठेवणारा आधार) रोज रात्री काढून बोट वाकवा, नाहीतर सांधा आखडतो.’ हे चुकीचं आहे, आणि यात पेशंटचं खरंच नुकसान होतं.

मॅलेटमध्ये टोकाच्या सांध्यावर बोट सरळ करणारा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) तुटतो किंवा हाडाचा तुकडा घेऊन निघतो. म्हणून आधी एक्स-रे. तुटलेली टोकं जुळायला तो सांधा साधारण ६ ते ८ आठवडे अखंड सरळ हवा. एकदा जरी टोक खाली झुकलं तरी नवी, कोवळी जोडणी ताणली जाते आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. त्वचा पुसायची असेल तर बोट टेबलावर सपाट टेकवा, स्प्लिंट पुढे सरकवून काढा, टोक टेबलावरून क्षणभरही उचलू नका. मधला सांधा मात्र मोकळा, हलता ठेवा. आखडण्याची भीती खरी तिथेच असते.

बुटोनियरमध्ये (मधल्या सांध्यावरचा बोट सरळ करणारा टेंडन तुटतो तेव्हा) नेमकं उलटं: मधला सांधा सरळ बांधायचा, टोक वाकवत राहायचं. बहुधा याच व्यायामाची सरमिसळ झाली असावी. आणि टोक वाकतच नसेल तर ती फ्लेक्सरची, म्हणजे बोट वाकवणाऱ्या टेंडनची, इजा असू शकते. स्प्लिंटवर थांबू नका, त्याच दिवशी हॅंड सर्जनकडे पाठवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना ही दुरुस्ती कळवा.