खुलासा: भट्टीला ‘लर्निंग’ जोडलं म्हणून पीआयडी बंद करू नका

सांगली-कुपवाडच्या मेंटेनन्स ग्रुपांवर मेसेज फिरतोय: हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला लर्निंग कंट्रोल जोडा, पीआयडी (तापमान सतत पाहून हीटर तिथल्या तिथे कमी-जास्त करणारा कंट्रोलर) बंद करा, दहा बॅचमध्ये तापमानातली चूक शून्य. यातलं अर्धंच खरं आहे.

लर्निंग कंट्रोल ही पद्धत मागच्या बॅचमध्ये नोंदलेली चूक गेनने (ठरवलेल्या गुणकाने) गुणून पुढच्या बॅचच्या हीटर आदेशात (हीटर किती टक्के चालवायचा त्यात) मिळवते. त्यामुळे दर बॅचला त्याच वेळी येणारी चूकच कमी होते. मध्येच दार उघडलं, व्होल्टेज पडलं, तर सावरायला पीआयडीच लागतो.

खरी गडबड उशिरामुळे होते. भट्टी ३ मिनिटांनी प्रतिसाद देत असेल आणि नोंद दर १० सेकंदांनी असेल, तर दुरुस्ती १८ नोंदी आधी सरकवावी लागते. नाही सरकवली, तर सुरुवातीच्या बॅच सुधारल्यासारख्या दिसतात (म्हणूनच मेसेज पटतो), मग हेलकावे वाढत जातात. गेनही बेताचा ठेवा: १ टक्का आदेशाने तापमान अखेरीस ५ अंश चढत असेल, तर १ अंश चुकीला ०.०६ टक्के पुरे. नोंदलेली चूक लो-पास फिल्टरमधून (झटपट होणारे बारीक चढउतार अडवणाऱ्या गाळणीतून) गाळा. सकाळची थंड भट्टी आणि दुपारची तापलेली, दोन्हींच्या दुरुस्त्या वेगळ्या साठवा; मालाचं वजन बदललं तरी तसंच.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.