मुलांची कुस्ती टायटल नाइनने बंद पाडली?

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये मुलं पाठवणाऱ्या मराठी पालकांमध्येही आता एक मजकूर फिरतो. त्याचा गोषवारा असा: 'टायटल नाइन म्हणजे मुलींसाठीचं आरक्षण. विद्यापीठात मुली ५५ टक्के असतील तर खेळाडूंमध्येही ५५ टक्के मुलीच हव्यात. मुलींना खेळात तेवढा रस नसतो, म्हणून आकडा जुळवायला मुलांची कुस्ती बंद करावी लागते. आणि सगळ्यांना पोसणाऱ्या फुटबॉललाही सूट नाही.' यातलं फुटबॉलला (म्हणजे हेल्मेट घालून खेळायच्या अमेरिकन फुटबॉलला) सूट नाही एवढंच खरं आहे.

टायटल नाइन हा अमेरिकेचा कायदा १९७२चा. २३ जूनला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. मूळ कलम इंग्रजीत ३७ शब्दांचं आहे: फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या कोणत्याही उपक्रमातून लिंगाच्या आधारावर कुणालाही वगळायचं नाही, लाभ नाकारायचा नाही, भेदभाव करायचा नाही. खेळाचा त्यात उल्लेखही नाही. कायदा पुढे रेटणाऱ्यांमध्ये खासदार पॅट्सी मिंक होत्या. त्यांना स्वतःला वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला होता. खेळांचे नियम १९७५ मध्ये आले आणि ज्यावरून एवढा गदारोळ होतो त्या तीन कसोट्या १९७९ मध्ये.

मुलींना पुरेशा जागा आहेत की नाहीत, हे या तीन कसोट्यांवर ठरतं, आणि तिन्हींपैकी एक पार केली तरी पुरतं. पहिली, खेळाडूंमधला मुलींचा वाटा विद्यार्थ्यांमधल्या वाट्याच्या जवळपास असणं. दुसरी, मुलींसाठी संघ वाढवत आणल्याचा इतिहास असणं आणि ती वाढ अजून चालू असणं. तिसरी, मुलींची आवड आणि क्षमता आहेत त्या संघांमध्ये पूर्णपणे सामावलेली असणं. म्हणजे ५५ टक्के विद्यार्थिनी असलेलं विद्यापीठ ४५ टक्के खेळाडू मुलींवरही कायद्यात बसू शकतं, मात्र संघ मागणाऱ्या आणि तो चालवण्याइतक्या तयारीच्या मुली बाहेर ताटकळत असता कामा नयेत.

पहिल्या कसोटीतही टक्का तंतोतंत जुळवायचा नसतो. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने १९९६च्या पत्रात दिलेलं उदाहरणच घ्या. एका विद्यापीठात ६०० खेळाडू, त्यात मुली ४७ टक्के, विद्यार्थ्यांमध्ये मात्र ५२ टक्के. मुलांच्या ३१८ जागा तशाच ठेवून हे अंतर भरायचं तर सुमारे ६२ मुली वाढवाव्या लागतील. ६२ मुलींत एखादा संघ सहज उभा राहतो, म्हणून हे विद्यापीठ कसोटीत नापास. तेच टक्के, पण खेळाडू फक्त ६० असतील, तर तूट सहाच मुलींची. सहा जणींत संघ होत नाही, म्हणून पास.

मग कोट्याचा समज आला कुठून? विद्यापीठांचे वकील बहुधा पहिल्या कसोटीचाच सल्ला देतात, कारण ती कॅल्क्युलेटरवर सिद्ध होते. दुसरीसाठी संघ वाढवत राहायला पैसे लागतात आणि मुलींचा चालता संघ बंद केला की ती बहुतेक हातची जाते. तिसरीसाठी क्लब संघांच्या (विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेल्या संघांच्या) मागण्या आणि ज्या भागातून विद्यार्थी येतात तिथल्या शाळांमध्ये मुली काय खेळतात, हे खरोखर तपासावं लागतं. सोपी वाट वकील निवडतात आणि खापर कायद्यावर फुटतं.

रस नाही, हा दावा न्यायालयात मांडून झालेला आहे. ब्राउन विद्यापीठाने १९९१ मध्ये मुलींचे जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉल, तर मुलांचे गोल्फ आणि वॉटर पोलो हे संघ विद्यापीठाच्या खर्चातून काढले. मुलींनी दावा लावला, तेव्हा बचाव हाच होता की मुलींना तुलनेने कमी रस असतो. अपील न्यायालयाने १९९६ मध्ये तो फेटाळला: संधी नाही म्हणून आवड दिसत नाही, आणि ती दिसत नाही म्हणून संधी द्यायची नाही, हे चालणार नाही. १९७१-७२ मध्ये हायस्कूलच्या संघांतून २,९४,०१५ मुली खेळत होत्या, आज तो आकडा ३० लाखांच्या वर आहे. एवढा रस एकाएकी कुठून आला, याचं उत्तर तो मजकूर देत नाही.

आता कुस्ती. १९८४ मध्ये ग्रोव्ह सिटी कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की ज्या विभागाला फेडरल पैसा मिळतो तेवढ्यापुरताच हा कायदा. क्रीडा विभाग जवळजवळ सुटलेच. संसदेने रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून मार्च १९८८ मध्ये ती फट बुजवली. मधल्या चार वर्षांत, म्हणजे टायटल नाइनचा धाक नसताना, एनसीएएतले (कॉलेजांच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेतले) पुरुष कुस्तीचे संघ ३४२ वरून २८९ वर आले, ५३ कमी. कायदा परत लागू झाल्यावर तेवढीच घट व्हायला पुढची बारा वर्षं लागली. मुलींच्या जिम्नॅस्टिक्सचे संघही त्या काळापासून भराभर घटले, त्याचा दोष कुणाला देणार?

मुलांचा संघ बंद करून टक्का जुळवलेली विद्यापीठं आहेत. इलिनॉय विद्यापीठाने मुलांचं जलतरण बंद करून मुलींचं ठेवलं, आणि १९९४ मध्ये अपील न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. पण चालतं म्हणजे करावंच लागतं असं नाही. २००३च्या खुलाशात नागरी हक्क कार्यालयाने स्पष्ट लिहिलं, की संघ बंद करणं कायद्याला आवश्यक नाही आणि ती नापसंत पद्धत आहे. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००१च्या अहवालानुसार, मुलींचे संघ वाढवणाऱ्या संस्थांपैकी ७२ टक्के संस्थांनी एकही संघ बंद केला नव्हता.

फुटबॉलसारख्या कमावत्या खेळांना वगळायचा प्रस्ताव सेनेटर टॉवर यांनी १९७४ मध्येच आणला होता, तो टिकला नाही. शिवाय फुटबॉल सगळ्यांना पोसतो, हे मोजक्या बड्या विद्यापीठांपुरतं खरं. बाकीचे बहुतेक क्रीडा विभाग विद्यार्थ्यांच्या फीवर आणि विद्यापीठाच्या अनुदानावर तगतात. कायदा समान खर्चही मागत नाही. हेल्मेट आणि पॅड महाग पडतात, पडू देत. मुलींच्या संघाला सरावाची वेळ, प्रवास, प्रशिक्षक, फिजिओ आणि ड्रेसिंग रूम त्याच दर्जाची मिळते का, हे बघितलं जातं. पैसा देणगीदाराचा असला तरी ही जबाबदारी टळत नाही. शिष्यवृत्तीच्या रकमेचं प्रमाण तर विद्यार्थ्यांशी नाही, खेळाडूंशी लावतात: खेळाडूंत मुली ४५ टक्के असतील तर एकूण ४० लाख डॉलरपैकी सुमारे १८ लाख त्यांच्याकडे जायला हवेत. अंतर एक टक्क्याहून जास्त असेल तर सबळ कारण दाखवावं लागतं.

खरी लबाडी कागदावरच्या खेळाडूंची असते. खेळाडू मोजतात ते मोसमातल्या पहिल्या सामन्याच्या दिवशीच्या यादीवरून. कनेटिकटमधल्या क्विनिपियाक विद्यापीठाने २००९ मध्ये मुलींचं व्हॉलीबॉल बंद करायचं ठरवलं, तेव्हा न्यायालयात या याद्या उघड्या पडल्या. त्या तारखेआधी मुलांच्या बेसबॉल आणि लॅक्रॉसच्या यादीतून नावं काढायची, तारीख उलटली की परत घालायची. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये याच्या उलट. क्रॉस कंट्रीच्या धावपटूंना इनडोअर आणि आउटडोअर ट्रॅकच्या यादीतही घालायचं, म्हणजे एक मुलगी तीनदा मोजली जाते. खरोखर तिन्हीकडे धावत असेल तर तसं मोजणं कायदेशीर आहे. दुखापतीने घरी बसलेलीलाही मोजलं तर नाही. न्यायाधीशांनी २०१० मध्ये अशा ११ जागा वगळल्या आणि स्पर्धात्मक चीअरलीडिंगच्या ३० जागाही, कारण तो तेव्हा खेळ म्हणून पुरेसा बांधलेला नव्हता. विद्यार्थ्यांमधला आणि खेळाडूंमधला मुलींचा वाटा यांत उरलं अंतर ३.६२ टक्के, पण तेवढ्यात व्हॉलीबॉलचा संघ मावत होता. विद्यापीठ हरलं, २०१२ मध्ये अपिलातही.

तुमच्या मुलीच्या विद्यापीठाचा हिशेब घरबसल्या बघता येतो. १९९४च्या कायद्याप्रमाणे विद्यार्थ्यांसाठी फेडरल मदत घेणाऱ्या आणि आंतरमहाविद्यालयीन संघ असलेल्या प्रत्येक सहशिक्षण संस्थेला दरवर्षी १५ ऑक्टोबरपर्यंत क्रीडा विभागाचे आकडे जाहीर करावे लागतात. शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर ते सापडतात. पूर्णवेळ पदवी विद्यार्थ्यांमधला मुलींचा टक्का आणि खेळाडूंमधला टक्का शेजारी मांडा. एक खाचखळगा सांभाळा: मुलींच्या संघाबरोबर सराव करणारे मुलगेही या अहवालात मुलींच्या संघात धरले जातात, टायटल नाइनच्या मोजणीत धरले जात नाहीत. तळटीप शोधून ते वजा करा. मग रोइंगसारख्या फुगलेल्या यादीतल्या किती जणी शर्यतीत उतरल्या, हे संघाच्या पानावरच्या निकालांवरून ताडून पाहा.

फरक दिसला तर आधी संस्थेच्या टायटल नाइन समन्वयकाला लेखी विचारा. हे पद प्रत्येक संस्थेत असावंच लागतं. नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार साधारणपणे घटनेपासून १८० दिवसांत करावी लागते, आणि ती करायला खेळाडूच असावं लागत नाही. थेट न्यायालयाचा रस्ता १९७९ पासून खुला आहे. तक्रार करणाऱ्या प्रशिक्षकावर सूड उगवणं हाही भेदभावच, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवलं आहे.