शेजारच्या काळ्या भाताने तुमची इंद्रायणी काळी होत नाही

शिराळा तालुक्यात धूळवाफेच्या पेरण्या जवळ आल्या की व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरायला लागतो: ‘काळा तांदूळ प्रयोगशाळेत तयार केलाय. दाणा फोडा, आत पांढरा निघतो. पाण्यात टाका, रंग सुटतो, म्हणजे रंगवलेला. शेजाऱ्याने लावला तर वाऱ्याने तुमच्या इंद्रायणीचा दाणा त्याच हंगामात काळा पडेल.’

आधी एक गोष्ट बघा. तांदूळ वरून रंगवलेला असेल, तर तो रंग पेरून उगवेल कसा आणि शेजारच्या रानात जाईल कसा? निरोपातली दोन वाक्यंच एकमेकांना खोडतात.

प्रयोगशाळेचं म्हणाल, तर भारतात जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेल्या, भाताच्या लागवडीला मंजुरीच नाही. मणिपूरचा चाखाओ हा काळा तांदूळ तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पिकवतात, त्याला 2020 साली भौगोलिक मानांकन मिळालं. काळा रंग मुख्यतः चौथ्या गुणसूत्रावरच्या काला-4 या जनुकामुळे येतो. त्या जनुकाला चालू-बंद करणाऱ्या भागात पूर्वी कधीतरी आपोआप उलथापालथ झाली, असं जपानी संशोधकांनी 2015 साली दाखवलं. खरं तर आपला पांढरा तांदूळही असाच बदललेला आहे. रानटी भाताचा दाणा लाल असतो. सातव्या गुणसूत्रावरच्या आरसी जनुकातली डीएनएची 14 अक्षरं गळाली, लाल रंग बंद पडला, आणि माणसाने तोच भात निवडून वाढवला.

आत पांढरा निघतो, कारण रंग फक्त कोंड्याच्या थरात असतो. म्हणूनच पॉलिश केला की तो जातो. हा रंग अँथोसायनिनचा, जांभळाच्या सालीत असतो त्याच जातीचा, आणि तो पाण्यात विरघळतो. त्या पाण्यात लिंबू पिळा, लालसर होईल. एवढ्यावरून भेसळ नाहीच असं सिद्ध होत नाही, पण रंग सुटणं हा भेसळीचा पुरावा नव्हे.

शेजारच्या रानाची भीती मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण ती मक्यावरून आलेली आहे. पांढऱ्या मक्यावर पिवळ्याचा पराग पडला तर त्याच कणसात पिवळे दाणे दिसतात, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. मक्याचा पिवळा रंग दाण्याच्या आतल्या पिठूळ भागात असतो आणि तो भाग आई-बाप दोघांपासून बनतो. भाताचा काळा रंग ज्या थरात असतो, तो आईच्या फुलातल्या बीजकोशाची भिंत. बापाचा त्यात काही वाटा नाही. समजा तुमच्या इंद्रायणीवर काळ्या भाताचा पराग पडला आणि फळलाही, तरी तो दाणा पांढराच दिसेल. संकर आतल्या अंकुरात लपलेला असेल. तो दाणा पुढच्या वर्षी पेरला, की त्या रोपाच्या सगळ्या लोंब्यांत रंगीत दाणे येतील.

आणि पराग फळणंही दुर्मीळ. भात स्वतःच्याच परागावर फळतो, फूल तास-दोन तासच उघडं असतं, पराग काही मिनिटांतच निकामी होतो. बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये 3 मीटर अंतर पुरेसं धरतात ते यामुळेच. दोन्ही भात वेगवेगळ्या वेळी निसवले तर तेवढाही प्रश्न उरत नाही.

काळा तांदूळ विकणाऱ्यांनाही सांगणं आहे: ‘मधुमेह बरा होतो’ म्हणू नका. भात किती मोकळा वा चिकट होतो, साखर किती लवकर वाढते, यात मोठा वाटा पिष्टातल्या अमायलोज या घटकाचा आहे. ते ठरवणारं मुख्य जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे, त्याचा रंगाशी संबंध नाही.

मग इंद्रायणीत काळे दाणे सापडतात ते कुठून? बहुतेक वेळा मळणी यंत्रातून, पोत्यांतून, नाहीतर गेल्या वर्षी खाचरात झडून उगवलेल्या रोपांतून. तेव्हा बांधावर भांडण्याआधी मळणी यंत्र झाडून घ्या. बियाण्याला ठेवलेल्या भातातले दोन-चार मुठी दाणे सोलून बघा. तुसाच्या वरून रंग कळत नाही.